मुऐदरच्या गोठ्यातला नाताळ

डॉक्टर गेल्याचं रंजनावहिनींनी फोनवर सांगितलं. ‘झोपेतच गेले हो भाऊजी. काही त्रास नाही...’ एवढं बोलून त्या थांबल्या, आणि मग अगदी हळू म्हणाल्या, ‘तसा काही त्रास नाही झाला.’ त्या ‘तसा’चा अर्थ आम्हा दोघांखेरीज कुणाला कळला नसता. मी फोन ठेवला. वाईट वाटत होतंच, पण खरं सांगायचं तर त्याआधी एक सुटका झाल्यासारखी वाटली. चाळीसहून अधिक वर्षं मनाच्या तळाशी बसलेली एक भीती त्या दिवशी संपली होती.

डॉ. वसंत पाटोळे हे गुरांचे डॉक्टर. नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबातले, शाळामास्तरांचे चिरंजीव. सत्तरीचं दशक संपत आलं असताना ते कतारला आले, एका अरबाच्या शेतावर गाई, शेळ्या आणि थोडे उंट सांभाळायला. मी साताऱ्याचा, एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन. दोह्याच्या फरीज बिन ओमरान वस्तीत आम्ही पाच जण एका खोलीत राहायचो, घरून कुणी सोबत नाही. एकदा भाजीबाजारात मी स्वतःशीच ‘मेथी पार कडू असणार ही’ असं पुटपुटलो, तर मागून आवाज आला, ‘नाही, कोवळी आहे, घ्या.’ ते डॉक्टर. त्या शुक्रवारी त्यांच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटवर जेवायला गेलो आणि नंतर दर शुक्रवारी जातच राहिलो. उंच, किडकिडीत माणूस, मोठ्ठे हात. बोलणं मात्र इतकं हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागायचं. जनावराशी बोलताना तेवढा आवाज चढायचा. ‘माणसांना ऐकू येतं,’ म्हणायचे, ‘गाईला पटवावं लागतं.’

त्यांच्याकडचा माझा पहिला नाताळ कामाच्या दिवशी आला होता. तिथे त्या सणाची सुट्टी नसे, चर्चही नव्हतं. चार-पाच कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमायची, पडदे ओढून घ्यायची आणि ढोलकीवर नुसती बोटं फिरवत हलक्या आवाजात गीतं म्हणायची. वहिनींनी आठवडाभर करंज्या आणि अनारसे केले होते. कागदाची चांदणी खिडकीत नाही, आत दिवाणखान्यात टांगायची होती. ती बांधताना तारेने डॉक्टरांच्या उजव्या हाताला ओरखडा गेला. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून सकाळीच मदतीला पोचलो होतो. बाहेर इतकं धुकं होतं की समोरच्या इमारतीचे नुसते दिवे दिसत होते. त्या धुक्यातून एक पिकअप येऊन दाराशी थांबली.

उतरला तो हनीफ. रत्नागिरीकडचा, पंचविशीचा, शेतावर गोठा सांभाळणारा. दारातूनच म्हणाला, ‘डॉक्टर, ती विलायती गाय दोन दिवस काय खात नाय ओ. घशात कायतरी अडाकलाय. नुसती लाळ गळतेय. अरबाब वरडतोय, आताच्या आता डॉक्टरला आण म्हणून.’ अरबाब म्हणजे शेताचा मालक.

‘सणाच्या दिवशी तरी...’ वहिनी म्हणाल्या.

‘तासाभरात येतो. प्रभूचा जन्मच गोठ्यातला, तो काय रागावणार?’ असं म्हणून ते हसले. मला शेत बघायचं होतं म्हणून मीही गाडीत चढलो.

तेव्हाचं मुऐदर म्हणजे विरळ घरं, खजुरांच्या रांगा आणि विहिरीच्या पाण्यावर तगलेली शेतं. रस्ता धुक्यात बुडाला होता. गोठ्यात गेल्यावर मला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. बाकीच्या गाई एका कडेला दाटून उभ्या होत्या, आणि ती काळी-पांढरी गाय दुसऱ्या टोकाला मान खाली घालून एकटी. जबडा लोंबलेला, लाळेच्या तारा पार जमिनीपर्यंत. डॉक्टरांनी कोपरापर्यंत बाही वर केली, हनीफने गाईची मान धरली आणि त्यांनी उघडा हात सरळ तिच्या घशात घातला. खूप वेळ चाचपडत होते. ‘काहीच नाही रे...’ असं म्हणून त्यांनी हात काढला, आणि त्याच वेळी गाईने मान वर करून हंबरडा फोडला.

मी खेड्यातला माणूस. गाईचे सगळे आवाज ओळखतो. हा त्यातला नव्हता. फाटलेला, घोगरा, मधेच तुटून पुन्हा सुरू होणारा... जणू दुसरंच कुणीतरी तिच्या आतून ओरडत होतं. डॉक्टर जागच्या जागी गोठले. आपल्या ओल्या हाताकडे पाहिलं, त्या ओरखड्याकडे पाहिलं.

‘हनीफ, एवढ्यात इथे कुत्रं-बित्रं आलं होतं?’

‘कुत्रा नाय. मागच्या महिन्यात कोल्हा आला होता. भर दुपारचा, टाकीजवळ. माणसाला भियाचाच नाय. मीच काठी घालून हाकलला.’

‘हिला चावला?’

‘नाकाला जरासा लागला होता. सुकला पण तो.’

‘आणि हे दोन दिवस हिला औषध कोण पाजतंय?’

‘मीच की. जीभ धरून, हात आत घालून. अडाकलेला निघतोय का बघत होतो.’

डॉक्टर पंपाशी गेले. हनीफला बोलावून घेतलं आणि दोघांनी साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले, पुन्हा धुतले. साबणाची वडी झिजून कपची झाली तरी पंप चालूच होता. गाईच्या जवळ कुणी जायचं नाही, दूध सगळं ओतून टाकायचं, असं त्यांनी अरबाबला बजावलं. परतीच्या वाटेवर मला म्हणाले, ‘मोहिते, पाहुणे जाईपर्यंत घरी काही बोलू नका.’

तो नाताळ मी विसरू शकत नाही. पडदे ओढलेले, मुलं करंज्या खातायत, बायका हळू आवाजात गातायत, आणि डॉक्टर भिंतीशी खुर्चीत बसून प्रत्येकाकडे निरखून बघतायत. प्रार्थना त्यांनीच केली. नेहमीपेक्षा लांबली. मधेच ‘ज्यांना अजून ठाऊक नाही त्यांच्यासाठी’ असं काहीसं म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी आमेन म्हटलं. कुणाला काय ठाऊक नाही, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

गाय दोन दिवसांत मेली. रोग रेबीजचाच होता याबद्दल डॉक्टरांना शंका उरली नव्हती. त्या काळी त्यावर पोटात रोज एक अशी दोन आठवडे सुई घ्यावी लागे, तीही रोग दिसायच्या आत. एकदा लक्षणं सुरू झाली की संपलं. इस्पितळात चौकशी केली तर एकाच माणसाला पुरेल एवढी लस शिल्लक होती. पुढची कधी येईल ते सांगता येत नव्हतं.

डॉक्टरांनी हनीफचं नाव दिलं.

वहिनींना हे माझ्यासमोर कळलं. त्या ओरडल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ‘रंजना, तो दोन दिवस तिच्या तोंडात हात घालत होता,’ डॉक्टर म्हणाले. ‘मी एकदाच घातला.’

‘एकदा पुरतं. तुम्हीच सांगितलंय मला.’

मी ऑफिसात जाऊन साहेबाच्या परवानगीने मुंबई ऑफिसला टेलेक्स केला. वहिनींच्या भावाने दारोदार फिरून लस मिळवली आणि थर्मासमध्ये बर्फात ठेवून दोह्याला येणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर पाठवली. ती पोचेपर्यंत आठवडा गेला. त्या आठवड्यात डॉक्टर रोज कामावर गेले. मी मात्र त्यांना जरा ठसका लागला तरी दचकायचो.

सुया सुरू झाल्यावर त्यांचं पोट दगडासारखं सुजलं. त्याच स्थितीत ते हनीफला बघायला त्याच्या खोलीवर गेले, तर खाट रिकामी. खोलीतल्या लोकांनी त्याचं अंथरूण केव्हाच बाहेर व्हरांड्यात काढलं होतं. सुयांनीच माणूस पिसाळतो, अशी वावडी उठली होती. त्याच्याबरोबर एका ताटात जेवणारे त्याला दुरून भाकरी सरकवत होते. अर्धे डोस झाल्यावर त्याने अरबाबकडून पासपोर्ट मागून घेतला आणि गाव गाठलं. जाताना सोबत्याजवळ डॉक्टरांसाठी आभाराचा निरोप ठेवला होता : ‘शुक्रन सांग. मराचाच असला तर आईजवळ मरेन.’

डॉक्टरांनी त्याच्या गावी तार केली, ‘सुया पूर्ण कर.’ मुंबईच्या मेव्हण्यालाही तिकडे पाठवलं. तो पोचला तेव्हा हनीफ ठणठणीत होता, घराचं छप्पर शाकारत होता. हसून म्हणाला, ‘मला काय झालंय?’ उन्हाळा लागता लागता त्याच्या गावचा एक जण दोह्याला आला. त्याने सांगितलं, हनीफ गेला. शेवटचे दिवस त्याला पाणी दाखवता येत नव्हतं. पेला समोर आला की घसा आवळून यायचा.

या बातमीनंतरचं वर्ष सगळ्यात वाईट. हनीफच्या मरणाने शंकेला जागाच उरली नव्हती आणि डॉक्टरांची लस तर आठवडाभर उशिरा सुरू झालेली. हा रोग अंगात महिनोन्महिने दबा धरून बसू शकतो, हे ते स्वतःच सांगायचे. वहिनी त्यांना पाणी स्वतःच्या हाताने द्यायच्या आणि ते शेवटचा घोट गिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, ‘त्याला दिलेली लस वाया गेली, असं नाही वाटत?’

‘लस नाही वाया गेली. मी त्याला सुई दिली, पण त्या खोलीतल्या माणसांशी बोलायला गेलो नाही. तो सुईच्या भीतीने नाही पळाला, मोहिते. एकटा पडला म्हणून पळाला.’

त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं ते तिथे होते. ज्या शेतावर जात तिथे आधी गडीमाणसांच्या खोलीत शिरायचे, मोडक्या हिंदीत, अरबीत रोगाची माहिती द्यायचे, त्यांच्या ताटातला घास खायचे, मग गोठ्याकडे वळायचे. सुट्टीवर आले की रत्नागिरीला हनीफच्या आईला भेटून यायचे. काय बोलायचे, ते कधी सांगितलं नाही.

मागच्या पंधरवड्यात मी नगरला वहिनींना भेटायला गेलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. सून लगबगीने पाणी घेऊन आली, तर वहिनींनी तांब्या-भांडं तिच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः माझ्यापुढे धरलं. मी पिऊ लागलो. त्या शेजारी बसल्या, सुनेशी बोलत होत्या, मुलगा कुठल्या गाडीने येणार ते सांगत होत्या... पण नजर माझ्या गळ्यावर होती. मी शेवटचा घोट गिळून भांडं खाली ठेवलं, तेव्हा कुठे त्यांनी नजर काढली.