चार नंबरच्या रिअॅक्टरचा खांब

"साहेब, आ थांभला पर लखेलुं छे. ए पण रंगी नाखुं?"

खांबावर लिहिलेलं आहे, तेही रंगवू का, असं रंगाऱ्याने कंट्रोल रूमच्या दारातून विचारलं तेव्हा मी तिथल्या फोनवर होतो. परवा येणाऱ्या ऑडिटरच्या जेवणात जैन जेवण किती आणि साधं किती, असा गंभीर विषय चालू होता. मी हाताने खूण केली, मार मार. त्याने मारला. दोन हात पांढरा ऑइलपेंट, वर हिरवी पट्टी. जेवणाचा प्रश्न सुटला, खांब चकाचक झाला, आणि मी समाधानाने केबिनमध्ये येऊन बसलो.

गुजरातेत, नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीत मी ट्रेनिंग पाहतो. आधी वीस वर्षं शिफ्ट केमिस्ट होतो. गुडघे कुरकुरायला लागले तसं मला जिने चढायच्या कामातून काढून 'लर्निंग अँड डेव्हलपमेंट' नावाच्या एसी खोलीत बसवलं. काम एवढंच, की माणसं शिकत आहेत याचा पुरावा तयार ठेवायचा.

त्याच आठवड्यात, सोमवारी, मी एक जोरदार भाषण ठोकलं होतं. कंपनीने नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं. प्रत्येक कामगाराला त्यात स्वतःचं पान, स्वतःचा फोटो, स्वतःच्या नोंदी. आपल्या सोयीने, आपल्या पद्धतीने शिका. कँटीनमध्ये उभं राहून मी म्हणालो होतो, "आजपासून प्रत्येकाला शिकायला स्वतःचा कोपरा मिळणार आहे!" टाळ्या पडल्या. त्यानंतर चहा होता, हेही कारण असेल.

आणि मंगळवारी मी तो खांब रंगवून घेतला.

अर्ध्या तासाने भगवान पाटील दारात. भगवान खानदेशातला, अकरा वर्षं चार नंबरच्या रिअॅक्टरवर ऑपरेटर. रिअॅक्टर म्हणजे दोन मजली उंचीचं झाकणबंद भांडं, आतून काचेचा मुलामा दिलेलं. आत एक रसायन असतं, त्यावर दुसरं थोडं थोडं सोडायचं. त्याला डोसिंग म्हणतात. दोन्ही भेटली की आपोआप तापतात, म्हणून भांड्याभोवतीच्या जॅकेटमधून ब्राइन, म्हणजे मिठाचं बर्फगार पाणी, फिरवत ठेवतात. घाई केली तर ते भांडं ऐकत नाही. सगळी नोकरी त्याच्याकडे बघत उभं राहण्याची.

"साहेब, खांब कोणी रंगवला?"

"का? छान दिसत नाही?"

"दिसतोय की. पण त्याच्यावर लिहिलेलं होतं ना."

"अरे, ऑडिट आहे. असं भिंतीवर लिहिलेलं चालत नाही. फाइलमध्ये एसओपी आहे ना?" एसओपी म्हणजे काम कसं करायचं त्याची छापील पद्धत.

"फाइलीत डोसिंग सावकाश करा असं आहे. सावकाश म्हणजे किती, ते खांबावर होतं." थोडं थांबून तो म्हणाला, "मी उद्याची परीक्षा देत नाही, साहेब. मला पॅकिंगलाच टाका."

नव्या सॉफ्टवेअरची परीक्षा तीनदा देता येत होती. भगवान दोनदा नापास झाला होता, सोमवारी एकदा आणि आज सकाळी एकदा. त्याचं मराठी चांगलं, गुजराती चालण्याजोगं, पण स्क्रीनवरचं इंग्रजी आणि त्याहून अवघड हिंदी दिसलं की त्याला घाम फुटायचा. तिसऱ्यांदा नापास झाला की नियमाप्रमाणे त्याचं रिअॅक्टरवरचं काम बंद. पुढे ड्रम भरायचे, झाकणं ठोकायची. आणि गुरुवारी ऑडिटर येणार. सॉफ्टवेअरमध्ये नावापुढे पास झाल्याची हिरवी टिक नसलेला माणूस रिअॅक्टरवर दिसला तर तो लिहून नेणार.

मी त्याच्याबरोबर खाली गेलो. वीस वर्षं ज्या खांबाला पाठ टेकून मी चहा प्यायलो, त्यावर काय लिहिलंय हे कधी वाचलंच नव्हतं. आता वाचायला काहीच नव्हतं.

"काय काय होतं रे?"

"काही माझं, निळ्या मार्करने. काही रमणभाईंचं, लाल. नवीन माणूस आला की त्याला आधी खांबापुढे उभा करायचो. मग फाइल."

रमणभाई म्हणजे आमचे जुने ऑपरेटर, निवृत्त होऊन पादरा गावी राहतात.

मी तडक प्लांट हेड परीखसाहेबांकडे गेलो. खरं सांगायचं तर खांबाचा विषय मी वगळला. एवढंच म्हणालो, "सर, पाटीलची परीक्षा रिअॅक्टरपाशी तोंडी घेऊ या."

परीखसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "गुप्तेभाई, कल आप ही बोले थे, सब कुछ सिस्टम में."

"बोललो होतो, सर."

"अब?"

"अब थोडा सिस्टम के बाहर."

ते हसले नाहीत, पण कबूल झाले. "सवाल मैं पूछूँगा. फेल तो फेल."

बुधवारी सकाळी आम्ही तिघे चार नंबरपाशी. भगवान एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"मई का महीना, दोपहर के दो बजे. क्या करेगा?"

भगवानने पांढऱ्या खांबाकडे पाहिलं. आणि बोट उचलून वरच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलं.

"दो के बाद ब्राइन जल्दी ठंडा नहीं होता, साहेब. डोसिंग पहले से कम रखने का. टेंपरेचर चढने की राह नहीं देखने की."

"फोम आया तो?"

बोट वीतभर खाली. "देखने की काच में आधे तक आया तो हाथ रोको. बैठने दो. फिर चालू." मग माझ्याकडे वळून हळूच मराठीत, "खाली लिहिलं होतं, घाई केलीस तर घरी सांगायला तोंड राहणार नाही."

"लाइट गई?"

बोट उजवीकडे. "पहले डोसिंग बंद, बाद में फोन."

"स्टरर?" म्हणजे आतला ढवळणारा पंखा.

"आवाज घोगरा हुआ तो माल गाढा हो रहा है." घोगराला हिंदी शब्द त्याला सुचला नाही. त्याने घशातून तसा आवाजच काढून दाखवला. परीखसाहेबांनी मान हलवली.

रंग अजून पुरता वाळला नव्हता. भगवानचं बोट पांढरं झालं होतं आणि खांबावर ठिपके उमटत होते. तो कोरा खांब वाचत होता. मी मागे उभा राहून भराभर वहीत उतरवून घेत होतो. वीस वर्षांचा उशीर झाला होता, पण निदान वही होती.

"लास्ट. बॅच हो गई, नीचे के वाल्व से माल नहीं उतर रहा. जम गया. क्या करेगा?"

बोट गुडघ्याच्या उंचीला गेलं आणि थांबलं. भगवान उकिडवा बसला. त्या जागेकडे बघत राहिला. माझी वहीही थांबली.

"साहेब, यहाँ रमणभाईंचं लाल में था. गुजराती में. हर बार पढता था, पाठ नहीं है. अंदाज से नहीं बोलूँगा."

"तो?"

"उनको पूछूँगा." आणि परवानगी न विचारता त्याने फोनसाठी माझ्याकडे हात केला, पण प्लांटमध्ये मोबाइल चालत नाही. आम्ही तिघे कंट्रोल रूममध्ये गेलो. मी तिथल्या टेबलावरच्या फोनवरून रमणभाईंना लावला, स्पीकर चालू केला आणि भगवानने आपलं नाव सांगितलं.

"बोलो भगवान! मजामां?"

"मजामां, काका. खालचा व्हॉल्व्ह जाम. काय लिहिलं होतं तुम्ही?"

"हथोडी ना मारता! अंदरनो काच तूटी जशे. जॅकेटमां हुंफाळुं पाणी फेरवो, धीमे धीमे. ने राह जुओ." म्हणजे हातोडी नको, कोमट पाणी फिरवा आणि वाट बघा. मग ते जरा चमकले. "पण आ बधुं तो थांभला पर लखेलुं छे ने?"

"काका, थांभलो रंगी नाख्यो."

"कोणे?"

भगवान सज्जन. तो छताकडे बघू लागला. परीखसाहेब मात्र सरळ माझ्याकडे बघत होते.

"मी, रमणभाई. गुप्ते."

पलीकडे कोणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग रमणभाई म्हणाले, "सारुं. चोख्खुं तो लागतुं हशे." स्वच्छ तरी दिसत असेल. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेला हा सर्वांत सभ्य मेमो.

परीखसाहेब उठले. "पास. जिसको नहीं आता वो अंदाज मारता है. इसने फोन मारा." दारातून वळून म्हणाले, "गुप्तेभाई, सिस्टम में कैसे डालोगे, वो आप देखो."

मी पाहिलं. दोन दिवस ज्या सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण मी लोकांना दिलं, त्यात तिसऱ्या पडद्यावर 'ऑब्झर्व्ड ऑन जॉब' असं बटण होतं. प्रत्यक्ष कामावर पाहून पास करण्याची सोय. मी त्यावर कधी क्लिकच केलं नव्हतं. केलं. भगवानच्या फोटोपुढे हिरवी टिक आली आणि मी खुर्चीत मागे टेकलो. गुडघे सोडून बाकी सगळं हलकं वाटत होतं.

गुरुवारी ऑडिटर आला. खांबाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. ना रंगाकडे, ना ठिपक्यांकडे. जेवण मात्र आवडलं म्हणाला.

शुक्रवारी भगवानने निळा मार्कर आणि माझी वही घेऊन सगळं पुन्हा लिहिलं. लाल मजकूर फोनवर रमणभाईंनी सांगितला, आमच्या गुजराती स्टोअरकीपरने उतरवला. मी खांबाचा फोटो काढून भगवानच्या पानावर चढवला. त्या सॉफ्टवेअरमधली ती पहिली कामाची गोष्ट. खांबाला मी डॉक्युमेंट नंबरही दिला, म्हणजे पुढच्या वेळी माझ्यासारखा कोणी आला तर त्याला रंगवायला तीन सह्या लागतील.

यातून मी काय शिकलो ते एका ओळीत मावतं. भिंत रंगवण्याआधी वाचावी.

संध्याकाळी कंपनीच्या बसने फतेगंजला उतरलो. घरी जेवताना बायकोला, माधुरीला, सगळं सांगितलं, रमणभाईंच्या आवाजासकट. मला वाटलं ती हसेल. ती उठली आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडून उभी राहिली. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं. तिच्या आईने सांगितलेलं लोणच्याचं प्रमाण, गॅस लावल्याच्या तारखा, बाबांची कोणती गोळी उपाशीपोटी आणि कोणती नंतर, मुलीने होस्टेलवरून विचारलेली खिचडी. पंचवीस वर्षं मी त्या दारातून फक्त बिस्किटं काढली होती.

"आपल्याकडे उद्या रंगवायला येणार आहे, तो रंगारी हाच ना?" तिने विचारलं.

"हाच."

"मग अहो, उद्या घरात असाल तर फोन बंद ठेवा," ती म्हणाली, "आणि दोन्ही हात खिशात."