नंबर पुकारणाऱ्या बाई

बिबवेवाडीतल्या आमच्या दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाई कोणाचंच ऐकत नाहीत. चष्मा कपाळावर, पेन अंबाड्यात, आणि वाक्य कधी चार शब्दांपुढे जात नाही. "एकटेच आलात? तिथे नाही, इथे बसा." म्हातारं माणूस एकटं आलं की त्याला त्या दुसऱ्या एकट्याशेजारीच बसवतात. तापाने फणफणलेली पोरं मात्र आमच्यामागून येऊन आधी आत जातात.

बायको गेल्यापासून मी दर सोमवारी बीपी दाखवायला जातो आणि तासभर चरफडतो. बाकावर शेजारी बसवलेल्या निवृत्त मास्तरांशी माझी ओळख झाली तीही बाईंना नावं ठेवता ठेवता.

परवा दार जरा उघडं राहिलं. आत डॉक्टर निवांत पेपर वाचत होते. मी तडक टेबलाशी गेलो. "अहो, डॉक्टर मोकळे आहेत की!"

"आहेत. मीच थांबायला सांगितलंय." बाईंनी मान वर केली नाही. "आत दोन मिनिटं बोलाल. बाहेर तासभर बोलता. घरी कोणाशी बोलता?"

मी बाकावर परतलो.

"काय म्हणाल्या?" मास्तरांनी विचारलं.

"डॉक्टर कामात आहेत. अजून तासभर लागेल," मी सांगितलं आणि चपला काढून ऐसपैस बसलो.