परीक्षेसाठी आणलेली बाई

शेवटच्या वर्षाला पोचलो तरी मला हृदयाचे आवाज नीट ओळखता येत नव्हते. ही गोष्ट मी कोणाला कळू दिली नव्हती. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. मी किन्हवलीच्या बाजूचा, गावातला पहिला डॉक्टर होणार म्हणून पास व्हायच्या आधीच सत्कार होऊन बसलेला. नापास झालो असतो तर शहापूरच्या स्टँडवर उतरायची चोरी झाली असती.

तो आवाज मला एका पेशंटने शिकवला. मुरबाड तालुक्यातल्या एका पाड्यावरची बाई, वय बावीस-तेवीस. लहानपणी आलेल्या सांधेदुखीच्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप आक्रसली होती. चार पावलं चालली की दम लागे. पण आवाज पुस्तकात लिहिलाय तस्सा, म्हणून तिच्या खाटेभोवती आमचा कायम घोळका. मी चुकीच्या जागी स्टेथोस्कोपची नळी टेकवली की ती म्हणे, "तितं नाय ओ. खाली घ्या. आन आदी मला डाव्या कुशीवर वळाया सांगा. समदी पोरं तितंच चुकतात."

"परीक्षा तुम्हीच द्या," मी एकदा म्हटलं.

"देईन की. मंग तुमी येशाल का आमच्या शेतात राब भाजाया?"

मुंबईची मुलं नुसती हसली. त्यांना राब म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात तो. आमच्या घरीही 'नाय' आणि 'आमी'च बोलत. कॉलेजात मी ते घासून घासून काढलं होतं, आणि तिचं बोलणं मला कळतं हे दाखवायचीही लाज वाटे.

प्रात्यक्षिक परीक्षेला खरे पेशंट लागतात. ज्याचा आजार ठळक ती 'चांगली केस'. अशांना घरून बोलावून आणतात, खाटेवर बसवतात, दिवसभर तपासू देतात. जेवण आणि एसटीचं भाडं देऊन परत पाठवतात. उन्हाळ्यात आमची परीक्षा लागली, तेव्हा वॉर्डच्या निवासी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "ती मुरबाडवाली तुझ्याच भागातली ना? घेऊन ये. तुझ्या वाट्याला येईल असं बघतो."

मी शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडची गाडी धरली. पुढे पाड्यापर्यंत चालत. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली, ती दाराशी बसून निवडत होती. नवरा शेतातून आला तो राखेने माखलेला. मी कशासाठी आलोय ते सांगितलं. नवऱ्याने आत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद आणला. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची तारीख होती. फुगा घालून झडप मोकळी करायची, त्यासाठी भरती व्हायचं. सात महिने थांबून मिळालेली तारीख, आणि ती नेमकी परीक्षेच्या आठवड्यातली.

"मंग आता कसं करायचं?" त्याने विचारलं.

मी कागद हातात घेतला, वाचल्यासारखं केलं. "तारीख फुडची मिळते. मी बोलतो तितल्या डाक्टरांशी. पंधरा दिसांनी काय बिघडत नाय." हे मी शहरातल्या मराठीत नाही, आमच्या बोलीत म्हणालो. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. त्यांनी विश्वास ठेवला तो त्या बोलीवर.

ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे ओ. त्याची परीक्षा एकदाच हाय."

परीक्षेच्या दिवशी मी तिची नाडी धरली आणि थबकलो. वॉर्डात असताना ठोके सरळ पडत. आता वेडेवाकडे पडत होते. मला आनंद झाला. हो, आनंद. जास्तीची खूण सापडली होती. परीक्षकांपुढे मी इंग्रजीत धडाधडा म्हणून दाखवलं: असे ठोके पडू लागले की हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत जाऊ शकते, उपचार लवकर हवा. ते म्हणाले, "व्हेरी गुड." ती समोर बसून आमच्या तोंडांकडे बघत होती. ते पुढे सरकल्यावर हळूच म्हणाली, "झालास ना रे पास?"

मराठीत मी तिला काहीच सांगितलं नाही. वॉर्डच्या डॉक्टरांना सांगायला हवं होतं, मुंबईला बोलायला हवं होतं. पण दोन विषय उरले होते, मग मित्रांबरोबर चार दिवस फिरायला गेलो, मग निकाल. नवरा एकटाच मुंबईला जाऊन आला. नवी तारीख दिवाळीनंतरची मिळाली.

भाताच्या लावणीत ती बांधावर पडली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी तोवर त्याच वॉर्डात इंटर्न झालो होतो. खाटेशी जमलेल्या पोरांतला एक मला म्हणाला, "सर, आता तर डबल केस. हार्ट पण, ब्रेन पण." त्याला झापायला हवं होतं. कुठल्या तोंडाने बोलणार? तिने मला ओळखलं. डाव्या हाताने माझ्या गळ्यातल्या नळीला हात लावला.

नवऱ्याने मला जिन्यात गाठलं. "एक इचारू का? त्या तारखेला गेलो आसतो तर?"

हा झटका टळला असता की नाही, ते खात्रीने कोणीच सांगू शकलं नसतं. मी मात्र खात्रीने सांगितलं. "काही फरक पडला नसता. नशिबात होतं." त्याचा चेहरा सैल झाला. त्याने माझे हात धरले. दोष त्याचा नव्हता हे त्याला ऐकायचं होतं, आणि ते खरंच होतं. पण मग दोष कोणाचा, ते मी गिळलं.

ती आणखी सहा वर्षं जगली. एक शब्द न बोलता. मी तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला आणि तो चालला, कारण त्या पाड्यावरची माणसं तिचा नवरा माझ्याकडे घेऊन येतो. अजूनही येतो. मागच्या महिन्यात भावजयीला ताप म्हणून आला होता. बाकावर बसलेल्यांना सांगत होता, "ह्यो डाक्टर आपला हाय. हाय ते तोंडावर सांगतो."

मी चिठ्ठी लिहीत होतो. मान वर केली नाही.