कोट एकदाच उलटतो

पुण्याहून नातू आला की जेवताना हटकून पैशांचा विषय निघतो. गेल्या दिवाळीत पानावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "आजी, तुमच्या वेळी बरं होतं. एका पगारात सगळं घर चालायचं. आम्ही दोघं कमावतो, तरी महिनाअखेर ओढाताण होतेच." त्याच्या बायकोनेही मान हलवली. मला राग आला. नातवाचा नाही, त्या वाक्याचा. माझ्या वयाचे पुरुष बागेतल्या बाकावर बसून हेच वाक्य उगाळत असतात. आता ते आमच्या जेवणाच्या टेबलापर्यंत येऊन पोचलं होतं.

"चालायचं नाही रे," मी म्हटलं, "चालवावं लागायचं. कोण चालवत होतं ते विचार की."

तो हसला आणि त्याने आमटी वाढून घेतली. त्याला सांगायचं राहिलं, ते इथे लिहिते आहे.

साठच्या दशकात आम्ही साताऱ्यात दोन खोल्यांत राहत होतो. वडील कचेरीत कारकून. घरभाड्याची त्यांना कधी धास्ती वाटली नाही. शाळेची फी किरकोळ होती, डॉक्टर बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून लाल औषध द्यायचे आणि मागतील तेवढे पैसे आमच्याकडे असायचे. वडील घाबरायचे ते कापडाला. दिवाळी जवळ आली की कापडदुकानावरून जाताना ते चालण्याचा वेग वाढवायचे. धान्यालाही घाबरायचे, कारण रेशनवर तांबडी मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, मिळायची आणि तिच्या भाकरीला आमच्या घरात कुणी हौसेने हात लावत नसे. आज माझ्या नातवाच्या कपाटात तीन कोट आहेत. त्यातला एक त्याने लग्नात घातला, त्यानंतर त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. पण घराच्या हप्त्याचं नाव काढलं की त्याचा चेहरा उतरतो. आम्हाला जे स्वस्त होतं ते त्याला महाग झालं, आणि आमच्या आवाक्याबाहेरचं ते तो बसल्या जागी मोबाइलवरून मागवतो आणि आवडलं नाही तर परत पाठवतो.

कापड महाग, म्हणून आमच्याकडे ते कधी संपू द्यायचं नसे. आईचं लुगडं मध्ये विरलं की ते मधोमध फाडून, विरलेला भाग काढून, तिथे दंड घालायचा, म्हणजे उरलेले दोन तुकडे जोडून शिवायचे. चादर मधून झिजली की उभी कापून धड राहिलेल्या कडा मध्ये आणायच्या. वडिलांच्या शर्टाची कॉलर घामाने फाटली की उसवून उलटी लावायची, की झाला शर्ट आणखी वर्षभराचा. हे सगळं मी करायचे. घरात हाताने फिरवायचं शिवणयंत्र होतं. त्यावर बसून बसून माझ्या डोळ्यांना एक वाईट खोड लागली. माणूस समोर आला की आधी त्याची शिवण दिसे, मग तोंड.

शिवणाव्यतिरिक्त मला आणखी एक गोष्ट येत होती. मी ट्रेनिंग पुरं करून नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका झाले होते. पहिलीचा वर्ग, गळकं छप्पर, पण पगार माझ्या सहीने मिळायचा. ती सही करताना मला जे वाटायचं, ते मला दुसऱ्या कशानेच वाटलेलं नाही. लग्नाला माझा विरोध नव्हता. नोकरी सोडायला होता. आईला मी हे स्वच्छ सांगितलं होतं. आई म्हणाली होती, "हे तू त्यांच्यासमोर बोलू नकोस म्हणजे झालं."

आणि सांगलीचं स्थळ आलं. मुलगा सहकारी बँकेत कारकून. त्याचे वडील मार्केटातल्या हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. ते, त्यांची बायको आणि मुलगा अशी तिघं एसटीने आली. आमच्याकडे सकाळपासून धावपळ. कपबशा शेजारच्या काकूंच्या, खुर्च्या वरच्या बिऱ्हाडातल्या आणि माझ्या अंगावरची साडीही काकूंचीच. आमचं म्हणावं असं त्या खोलीत वडील, आई आणि मी, एवढंच होतं. पोहेसुद्धा नेहमीपेक्षा जास्त शेंगदाणे घालून केले होते.

मुलाचे वडील खुर्चीत ऐसपैस बसले. धोतर पांढरंशुभ्र, पण त्याच्या काठाला हळदीची पिवळट झाक होती. ती धुऊन जात नाही हे मला पुढे कळलं. पोह्यांचा पहिला घास संपायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं, "मुलगी नोकरी करते ते कळलं. चांगलं आहे. पण लग्नानंतर नको. आमच्याकडं देवाच्या दयेनं काही कमी नाही. सुनेच्या पगारावर बसायची वेळ आमच्यावर आलेली नाही."

माझ्या वडिलांनी "बरोबर आहे, बरोबर आहे," म्हटलं. ज्या माणसाने माझ्या ट्रेनिंगसाठी स्वतःची सायकल विकली होती, तो बरोबर आहे म्हणत होता. मी हातात ट्रे घेऊन उभी होते. मला वडिलांचा राग आला आणि कीवही आली. संपली आपली सही, असं मनात म्हणत मी मुलासमोर बशी धरली आणि सवयीप्रमाणे आधी त्याची शिवण पाहिली.

त्याने करड्या सर्जचा, जाड लोकरी कापडाचा कोट घातला होता. साताऱ्याच्या त्या उन्हाळ्यात, बिचारा. कोट चांगला दिसत होता, रंग ताजा, इस्त्री कडक. पण छातीवरचा खिसा उजवीकडे होता.

ज्याने कोट उलटवलेला नाही त्याला यात काही वाटणार नाही, म्हणून सांगते. जुना कोट वरून विटला की तो पूर्ण उसवायचा आणि कापडाची आतली, न विटलेली बाजू वर आणून पुन्हा शिवायचा. कोट नव्यासारखा होतो. पण डावं उजवीकडे जातं. काजं रफू करून बुजवता येतात, बटणं हलवता येतात, खिसा मात्र हलत नाही, कारण तिथे कापड कापलेलं असतं. त्यामुळे उलटवलेला कोट छातीवरच्या खिशावरून ओळखावा. इथे तर काजांच्या जागी केलेलं रफूही मला दिसलं. फार सुबक होतं. खांदे मात्र बापाच्या मापाचे, मुलाला सैल. ज्यांच्या घरी काही कमी नाही, त्यांच्या घरचा एकुलता एक कोट बापाचा होता आणि उलटवून मुलाला घातला होता.

तेवढ्यात त्याच्या वडिलांनी ठरलेला प्रश्न विचारला, "शिवणटिपण येतं का?"

"येतं," मी म्हणाले. "कोटसुद्धा उलटवता येतो."

मुलाचा हात आपसूक उजवीकडच्या खिशावर गेला. माझी आई पदराआडून माझ्याकडे बघत होती आणि त्या नजरेत पुढच्या दहा स्थळांचं वाटोळं झालेलं मला दिसत होतं. मुलाचे वडील लाल झाले. त्यांनी बशी खाली ठेवली, आणि ते आता उठणार हे आम्हाला सगळ्यांना कळलं.

इतका वेळ मुलाची आई भिंतीला टेकून सतरंजीवर गप्प बसली होती. त्यांचं माहेर पलूसकडच्या खेड्यातलं, आणि चारचौघांत तुम्ही बोलू नका असं त्यांना सांगून आणलं असावं. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पोट धरून हसायला लागल्या.

"म्या उलटवलाय," त्या म्हणाल्या. "शिंप्याला कोण देतंय? कुठं घावला गं तुला?"

"खिशात," मी म्हणाले. "बाकी कुठं नाही. काजं तर फारच छान बुजवलीत."

"त्याच्यातलंच सूत काढून बुजवल्यात. आतल्या शिवणीतलं."

"तरीच रंग जुळलाय."

"मग? बाहीरचं सूत कसं चाललं?"

दोन मिनिटं आम्ही दोघी अशा बोललो जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. मुलाच्या वडिलांनी खाकरून पाहिलं. "अहो, विषय काय चाललाय," ते म्हणाले. "निघायचं आपल्याला."

"आवं, त्योच विषय चाललाय," त्या म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "पोरीला नोकरी करू द्या. कोट एकदाच उलटतोय. लुगड्याला दंड घातला, चादरी फाडून जोडल्या, तुमची कॉलर उलटवली, कोट बी उलटवला. आता ह्याच्या फुडं म्या काय उलटवू? सांगा की."

मुलाच्या वडिलांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. माझे वडील खाली बघत होते. बोलला तो मुलगा. तो म्हणाला, "कोट काढला तर चालेल का? फार उकडतंय." आमचे हे पुढे आयुष्यभर असेच होते. वादात नेमक्या जागी काहीतरी भलतंच बोलायचे आणि वाद तिथेच बसायचा. त्यांनी कोट काढून गुडघ्यावर ठेवला आणि उरलेले पोहे संपवले.

आईने त्या रात्री माझ्याशी अबोला धरला. पण आठवड्याने निरोप आला की स्थळ पसंत आहे आणि मुलीने सांगलीत नोकरी बघायला हरकत नाही. हरकत नाही हे शब्द सासऱ्यांचे होते, त्यामुळे ते काढायला त्यांना किती जड गेलं असेल ते मी समजू शकते.

सांगलीत नोकरी लगेच मिळाली नाही. ते महिने मी आणि सासूबाई दुपारी ओट्यावर बसून घर उलटवत होतो. मी यंत्रावर, त्या सुईवर. तेव्हा मला दिसलं की सासऱ्यांचा आणि ह्यांचा असे दोन पगार असूनही, ते दोन पगार पुरत होते ते तिसऱ्या माणसाच्या हातांमुळे. जी वस्तू नवीन घ्यावी लागेल ती सासूबाई घरात महिनोन्‌महिने येऊ देत नसत. तो त्यांचा पगार होता, फक्त तो त्यांना कुणी दिला नव्हता. "परवडत न्हाई" हे त्या दिवसातून इतक्या वेळा म्हणायच्या की त्यात तक्रार उरली नव्हती.

मग मला शाळा मिळाली. पहिला पगार रीतीप्रमाणे देवापुढे ठेवून मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी पाकीट उघडलं नाही. थोडा वेळ नुसतं तळहातावर धरलं, आणि मला परत दिलं. "तुजा हाय," म्हणाल्या. सासरे पलीकडे बसले होते. त्यांनी पाहिलं आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं. पुढे मी शाळेतून यायच्या वेळेला चहा टाकायला ते स्वतःच सांगायला लागले, हेही इथे लिहिलं पाहिजे.

साठचं दशक सरत आलं होतं त्या सुमाराची गोष्ट. रविवार होता. मी मागल्या दारी कपडे वाळत घालून ओट्यावर आले, तर सासूबाई तो करडा कोट मांडीवर घेऊन ब्लेडने त्याची शिवण उसवत होत्या.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"कोपरं गेल्याती. पोराच्या बँकेत तपासनीस यायचा हाय म्हनं, बरा दिसाय नको? उलटवून देते."

मी काही बोलेपर्यंत त्यांनी अस्तर सोडवून बाही मोकळी केली होती. आतून जे कापड वर आलं ते विटलेलं, कोपराशी पातळ झालेलं आणि एका जागी रफू केलेलं होतं. रफू त्यांच्याच हातचं होतं. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"ह्यो तर उलटवलेला हाय की गं," त्या म्हणाल्या. "म्याच उलटवलाय." साताऱ्यात सगळ्यांसमोर जे वाक्य त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, तेच त्यांचे हात विसरले होते. मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. इतकी वर्षं फाटलं की उलटवायचं, एवढंच त्या हातांना ठाऊक होतं.

मी त्यांच्या शेजारी बसले आणि ब्लेड काढून घेतलं. "राहू द्या, आई," मी म्हणाले. "नवा शिवू. उद्या शाळेतून येताना कापड आणते."

"नवा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "परवडंल?"

"परवडेल."

त्यांनी उसवलेली बाही घडी करून मांडीवर ठेवली. आत सासरे खाकरले, रस्त्याने एक टांगा गेला.

"काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. त्यांना नीट ऐकू गेलं होतं. त्यांचे कान शेवटपर्यंत चांगले होते.

"परवडेल, आई," मी पुन्हा म्हणाले.