गॅरेजच्या पत्र्यावर

शेजाऱ्यांनी काल शेडवर नवा पत्रा घातला. आज पावसानंतर ऊन पडलं आणि तापत्या पत्र्याचा वास किचनमध्ये आला. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

साउथहॅम्प्टनच्या घरी आमच्या गॅरेजलाही पत्र्याचंच छप्पर होतं. ह्यांनी त्यावर हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोक दूरदूरच्यांशी बोलतात त्या रेडिओची, उभी अँटेना बसवली होती. ह्यांच्या बायपासला दोन महिने झाले होते. हॉस्पिटलची ड्युटी बंद होती आणि शिडी चढायलाही मनाई होती. तरी हे पाना घेऊन वर चढले. मी खाली खिडकीपाशी मीटर बघत होते. काटा तीनवर होता; अँटेना नीट जुळली की तो दीडवर यायला हवा होता.

"किती?" ह्यांनी वरून विचारलं.

"दीड!" मी चक्क खोटं सांगितलं. ते खाली उतरावेत, एवढंच मला हवं होतं.

ते आले, त्यांनी काटा पाहिला. चिडले नाहीत. "मग तूच चढ," म्हणाले.

मी चढले. पायाखाली पत्रा करकरत होता. स्क्रू सैल करून अँटेनाची नळी जराशी आत सरकवायची, बाजूला व्हायचं, मग हे मोजणार. पाचव्या खेपेला हे ओरडले, "दीड! खरंच दीड!"

संध्याकाळी नागपूरचे त्यांचे मित्र रेडिओवर आले. "अँटेना हिनं जुळवली," हे त्यांना म्हणाले. तेव्हा मी केवढी हरखले होते!

आता हे नाहीत, आणि मला आठवतं ते वेगळंच. दरवेळी मी वरून खिडकीकडे पाहिलं, तेव्हा हे शिडीकडे बघत होते. खोटं न बोलता त्यांनाच वर राहू द्यायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.