दीपिकाने वसवलेलं व्हायकिंग गाव

अहेरीच्या दीपिका मडावीने समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि बर्फ पाहिला तो फ्रिजमधला. तरी उन्हाळाभर खपून तिने व्हायकिंगांचं एक गाव वसवलं. हजारेक वर्षांपूर्वीचे, उत्तरेच्या थंड मुलखातले हे दर्यावर्दी. अर्धे शेतकरी, अर्धे लुटारू.

गाव होतं एका खेळातलं. हा खेळ ती पुण्यात नोकरीला असताना शिकली. यात पट नाही की सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, आणि कुणाचा बेत साधला, कुणाचा फसला, ते फासे ठरवतात. कंपनीतला तन्मय गोष्ट चालवायचा. गार्गी आणि आणखी दोघं खेळायला असत. गडचिरोलीची म्हटल्यावर ऑफिसात लोक तिला नक्षलवाद्यांपलीकडे काही विचारत नसत. खेळाच्या टेबलाशी मात्र ती बोलायला लागली की बाकीचे गप्प बसून ऐकत.

मग वडिलांना, इसरूला, लकवा मारला. आई आधीच गेलेली. दीपिका नोकरी सोडून घरी आली आणि सेवा केंद्रात लोकांच्या दाखल्यांचे अर्ज भरू लागली. रविवारी दुपारी मोबाइलवरून खेळ तेवढा चालू राहिला.

"यंदा गोष्ट तू चालव," तन्मय एकदा म्हणाला. "व्हायकिंग घे. मस्त मारामारी!"

त्या एका वाक्यावर ती महिनाभर तरंगत होती.

मारामारी तिने ठेवलीच, पण आधी गाव उभं केलं. खाडीचा नकाशा काढायला बसली तर हात आपोआप गावाजवळच्या प्राणहिता नदीच्या वळणावर गेला. थंडीत अडकलेली माणसं काय खात असतील, हे तिला कळेना. तिने बाबांना विचारलं, "बाबा, पुरात रस्ता तुटे तवा तुमी का खात होते?"

"का खानार? बांबूचे कोवळे वास्ते, वाळवलेले मोहफूल." इसरूची जीभ जड झाली होती, शब्द सावकाश येत. "आन् धान असे ना, पन बिजाईचं. त्याले हात लावाचा नाई. बाजूच्या मुखरूच्या घरी लेकरू रडे, तरी नाई."

"कोन ठरवे, नाई लावाचा म्हनून?"

"गाव. बसलं का बसलंच. एक जन जरी नाई म्हनला, तं उठाचं नाई." मग त्याने विचारलं, "तुले काऊन पायजे हे?"

"खेळासाठी."

"खेळात भूक रायते का वो?"

दीपिकाने बियाण्याचं धान्य गोष्टीत घातलं. गावाची बैठकही घातली: सगळे एकमताचे झाल्याशिवाय गलबत किनारा सोडणार नाही. एवढं चांगलं काही आपल्या हातून कधी झालं नव्हतं, असं तिला वाटलं.

पहिल्या रविवारी बैठक रंगात आली. गार्गी भांडून भांडून घसा बसवून घेत होती. तेवढ्यात वीज गेली आणि पाठोपाठ टॉवरही. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या खेपेला तन्मय समजुतीने म्हणाला, "तू सगळं मला पाठव ना. तुझं नेट सुधारेपर्यंत मी चालवतो. तू आरामात खेळ."

तिने सगळं पाठवलं. स्वतःसाठी थोरा नावाची एक म्हातारी वैदीण घेतली.

तन्मयने बैठक दहा मिनिटांत उरकली. "फार बोलणं होतं गं," तो म्हणाला. गलबत सुटलं आणि लुटालूट सुरू झाली. दीपिकाचा आवाज तुटक जाई. ती काही सुचवी तोवर गोष्ट पुढच्या गावात पोचलेली असे. बियाण्याचं धान्य त्यांनी कधीच खाऊन टाकलं होतं.

पावसाळ्यात एका रविवारी तिला जोडताच आलं नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रात तिने गार्गीला फोन लावला.

"अगं, तुझी थोरा गेली," गार्गी म्हणाली. "वादळात."

"गेली म्हणजे? तिचे फासे कोणी टाकले?"

"तन्मयनेच. इतका वाईट आकडा आला, आम्ही हसून हसून... म्हणजे, तू असतीस तर तूही हसली असतीस."

"थांबता आलं नसतं?"

"खरं सांगू? दर वेळी तुझ्यासाठी थांबायचं म्हणजे... आणि तुला पुढचं सगळं माहीत. सगळ्यांना जरा अवघडच होतं. तू नवीन माणूस घे ना कोणीतरी."

"बघते," दीपिका म्हणाली.

तिने नवीन माणूस घेतला नाही. पुढच्या रविवारी नेट स्वच्छ होतं, तरी ती बसली नाही. कुणी "कुठे आहेस?" विचारेल म्हणून दुपारभर मोबाइल उशाशी ठेवला. वाजला एकदाच, रिचार्ज संपत आल्याचं सांगायला.

दिवाळीनंतर तन्मयने फोटो टाकला. कुठल्याशा कॅफेतलं टेबल, हसणारे चेहरे. त्यात दोन मुलं तिच्या ओळखीची नव्हती. खाली लिहिलं होतं: माझी आजवरची सगळ्यात भारी गोष्ट संपली.

तिने 'माझी' हा शब्द पुन्हा वाचला. उत्तर लिहिलं, पुसलं. मग नुसतं अंगठ्याचं चिन्ह टाकून मोबाइल पालथा ठेवला.

इसरू खाटेवरून बघत होता. "आता खेळत नाई का वो तू?"

"नाई."

"काऊन?"

"वेळ नाई बाबा," ती म्हणाली, आणि त्याच्या पायाला तेल लावायला बसली. आज तिचा हात जरा जोरातच चालत होता. इसरू कण्हला, तेव्हा तिच्या लक्षात आलं.