दिगंबर सरांच्या स्वयंपाकघराची भिंत

दिगंबर सरांशी माझी ओळख धक्क्यानेच झाली. सत्तरच्या दशकात कुरुंद्याच्या शाळेत मी नववीत गेलो आणि इंग्रजीच्या पहिल्याच तासाला सरांनी आमची गाईडं काढून घेतली. शब्द हाताने केल्याशिवाय वहीत लिहायचा नाही, हा त्यांचा दंडक. ‘डिग’साठी आम्ही झाडांची आळी खणली, ‘स्टिच’साठी गोणपाटं शिवली.

मग आला ‘रिनोव्हेट’. मूळचं राखून जुन्याला नवं रूप देणं, असा अर्थ सरांनी सांगितला. देवळाचा जीर्णोद्धार करतात तसं. सायकल नुसती रिपेअर होते. रिनोव्हेट होतं ते घर, शाळा. एवढं सांगून त्यांनी आम्हा दहा-बारा जणांना थेट आपल्या घरी नेलं. स्वयंपाकघराच्या भिंतीचे पोपडे निघाले होते. ते खरवडून माती लिंपायची आणि चुना द्यायचा होता.

सरांचं घराणं जमीनदारांचं, मी बौद्ध वस्तीतला. त्या काळी अशा घरांत आमची हद्द ओसरीपाशीच संपे. मी घमेलं घेऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. सर म्हणाले, “काहून थांबलास? चुलीमागची भिंत तुझी हाय. ये आत.”

सरांच्या आई चुलीपाशी बसल्या होत्या, त्या उठून गेल्या. मी घाईघाईने लिंपलेला पहिला थर गळूनच पडला.

पुढे त्या घरात मी किती वेळा जेवलो याला गणती नाही. मॅट्रिकचा फॉर्म सरांनी तिथेच बसवून भरून घेतला. मीही इंग्रजीचा शिक्षक झालो.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी आठवणी विचारायला गेल्या महिन्यात सरांकडे गेलो. बोलता बोलता सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, की आम्ही भिंत लिंपली त्याच संध्याकाळी सरांच्या आई थोरल्या मुलाकडे हिंगोलीला गेल्या आणि शेवटपर्यंत परतल्या नाहीत. सर दर रविवारी एसटीने त्यांना भेटायला जात. मी सुन्न झालो. इतकी वर्षं हा शब्द शिकवताना त्या भिंतीची गोष्ट मी वर्गाला हसत हसत सांगत आलो, आणि मला काहीच ठाऊक नव्हतं. मला का सांगितलं नाही, असं सरांना विचारलं.

“सांगितलं असतं तर तू येणं सोडलं असतंस,” ते म्हणाले. “मंग दोघंबी गेले असते.”

मी अजून सावरलेलो नाही. सर, पंचाहत्तरीनंतरही तुमचे डोळे, गुडघे आणि भूक अशीच शाबूत राहोत. तुम्ही खूप वर्षं जगा. तुमच्या आईंबद्दल तुम्हाला विचारायचं राहून गेलं आहे, आणि ते एका भेटीत होणारं नाही.